बोल्ट घट्ट, तरीही हेडलाइट खाली: जुन्या मोटरसायकलवर पुन्हा पुन्हा येणारा दोष

हेडलाइटच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट आवळले, की पाच-सहा फेऱ्या उजेड रस्त्यावर नीट पडतो. त्यानंतर एखाद्या खड्ड्यात दिवा किंचित मान टाकतो आणि पुढच्या आठवड्यात सगळा उजेड पुढच्या मडगार्डच्या टोकापुढे जमा होतो. बोल्ट तपासावा तर तो घट्टच असतो. मग लांब पाना लावून आणखी थोडा आवळला जातो, स्प्रिंग वॉशर बदलला जातो आणि तक्रार महिनाभरात परत येते. माझ्याकडच्या 1970 च्या दशकातील समांतर ट्विनवर, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सिलिंडर असलेल्या गाडीवर, मी हे एका हंगामात पाच वेळा केले, त्या काळात दोन बल्ब गेले आणि शेवटी दिवा धरणाऱ्या डाव्या कानाच्या पत्र्याला तडा गेला. तोपर्यंत मी दोष बोल्टालाच देत होतो. प्रत्यक्षात बोल्ट सैल होतच नव्हता. जे पकडायचे ते त्या बोल्टाच्या पकडीत नव्हते, आणि बहुतेक जुन्या गाड्यांवरही हाच प्रकार आढळतो.

एक अंशाचा फरक क्षुल्लक वाटतो, म्हणून त्याचा हिशेब आधी मांडतो. सात इंची दिव्याच्या कडेवर एक अंश म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. जमिनीपासून 90 सेंटिमीटर उंचीवरच्या दिव्याचा झोत दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतरेल असा लावला असेल, तर तो सुमारे 90 मीटरवर जमिनीला टेकतो. त्यात एका अंशाची भर पडली, की तोच झोत 33 मीटरवर संपतो. डोळ्यांना न दिसणारी ती दीड मिलिमीटरची सरक रात्री रस्त्याचा दोन-तृतीयांश भाग खाऊन टाकते.

नेमका कोणता सांधा हलतो

दिवा आणि गाडीची चौकट यांच्या मध्ये चार सांधे असतात, आणि चारही सांध्यांतील दोष चालकाला सारखेच दिसतात. पहिला सांधा काचेची रिंग आणि दिव्याचे कवच, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डूम, यांच्यामधला. दुसरा डूम आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारे पत्र्याचे कान यांच्यामधला. तिसरा ते कान आणि फोर्कच्या नळ्या यांच्यामधला. आणि चौथा फोर्क आणि चौकट यांच्यामधला, म्हणजे कोनसेट, ज्यावर हँडल वळते ते बेअरिंग. सुटे भाग मागवण्यापूर्वी यांतील कोणता सांधा सरकतो हे ठरवणे आवश्यक आहे, कारण मी स्वतः आधी नवे बुश (कानाच्या भोकातली रबरे) आणले, मग नवे बोल्ट आणले आणि दोष तिसऱ्याच जागी निघाला.

यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली पद्धत म्हणजे रेघ मारण्याची. पृष्ठभाग पुसून कोरडा करावा आणि रंगाच्या बारीक मार्करने प्रत्येक सांध्यावर आडवी सरळ रेघ ओढावी, अशी की तिचा अर्धा भाग एका भागावर आणि अर्धा दुसऱ्या भागावर येईल: रिंगवरून डूमवर, डूमवरून कानावर, कानावरून वरच्या टीवर (फोर्कच्या दोन्ही नळ्यांना वर एकत्र धरणाऱ्या आडव्या भागावर), आणि बोल्टाच्या डोक्यावरून वॉशरवर. नेहमीच्या रस्त्यावर पन्नास-साठ किलोमीटर गाडी चालवून आल्यावर या रेघा पाहाव्यात. जिथे रेघ तुटून दोन्ही तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसतील, तिथे दोष आहे. माझ्या गाडीवर बोल्टाच्या डोक्यावरची रेघ जशीच्या तशी होती, डूम आणि कान यांच्यामधली रेघ जवळपास एक मिलिमीटर सरकली होती, आणि कान व वरच्या टीमधली रेघ दोन मिलिमीटर. म्हणजे एकाच वेळी दोन सांधे सरकत होते आणि बोल्ट निर्दोष होता.

दोष केव्हा जाणवतो, यावरूनही बरेच कळते. खड्ड्यात दिवा मान टाकत असेल आणि तिथेच राहत असेल, तर पकड अपुरी आहे. उलट, ठरावीक गतीलाच झोताची कड धूसर होत असेल आणि गती थोडी बदलताच ती पुन्हा स्पष्ट होत असेल, तर तो अनुनाद आहे. इंजिन मिनिटाला 4200 फेरे घेत असताना त्याचा मुख्य धक्का सेकंदाला 70 वेळा येतो. दोन्ही पिस्टन एकत्र वरखाली होणाऱ्या ट्विनमध्ये तो विशेष जोरात जाणवतो. दिवा आणि त्याचे रबर मिळून होणाऱ्या रचनेची स्वतःची कंपनसंख्या याच्या जवळ आली, की फिलामेंट तुटायला वेळ लागत नाही. वारंवार जाणारा बल्ब हे बल्बच्या दर्जाइतकेच माउंटच्या अवस्थेचेही लक्षण असते.

कोनसेटची तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती आधीच उरकावी. पुढचे चाक जमिनीपासून उचलून फोर्कची खालची टोके पुढे-मागे ओढावीत. खटका जाणवला तर आधी तो दूर करावा, कारण त्या खटक्यासह केलेले दिव्याचे कोणतेही काम टिकत नाही.

रबर, कॉलर आणि दीड मिलिमीटर

आता मुख्य मुद्दा. कानाच्या भोकात रबरी बुश बसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना रबराची एकेक कड असते, बुशाच्या आत पोलादी नळी म्हणजे कॉलर असते, आणि बोल्ट बाहेरच्या वॉशरमधून व कॉलरमधून जाऊन डूममधल्या नटात बसतो. बोल्ट पूर्ण आवळला, की वॉशर, कॉलर आणि डूम हे तिन्ही एकमेकांवर धातूला धातू भिडून घट्ट होतात. रबर किती दाबले जाईल हे बोल्ट ठरवत नाही, कॉलरची लांबी ठरवते. बोल्ट कितीही आवळला तरी कॉलरपलीकडे तो जाऊ शकत नाही, आणि जाऊही नये, कारण कॉलर त्यासाठीच तिथे असते.

व्हर्नियरने घेतलेली माझ्या गाडीवरची मापे देतो; इतर गाड्यांवर ती वेगळी असतील, पण हिशेब तोच राहील. कानाचा पत्रा 2 मिलिमीटर, नव्या बुशाची प्रत्येक कड 6 मिलिमीटर, म्हणजे न दाबलेल्या अवस्थेत एकूण उंची 14 मिलिमीटर. कॉलर 12.5 मिलिमीटर. बोल्ट आवळल्यावर 12 मिलिमीटर रबर दीड मिलिमीटरने, म्हणजे साडेबारा टक्क्यांनी, दाबले जाते आणि कानाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते. आता जुना बुश पाहावा: वर्षानुवर्षे दाबून त्याच्या कडा 5.1 मिलिमीटरच उरल्या होत्या. दोन कडा आणि पत्रा मिळून 12.2 मिलिमीटर, आणि कॉलर तीच 12.5. रबर कॉलरहून 0.3 मिलिमीटरने बुटके झाले होते. बोल्ट पूर्ण घट्ट, वॉशर कॉलरवर टेकलेला, आणि कान मात्र मोकळा. अशा अवस्थेत दोन फुटी पाना लावला, तरी त्याने फक्त कॉलर आवळली जाते. दिवा रबराच्या कृपेवर लटकत राहतो.

याच्या उलट दोषही तितकाच नेहमीचा आहे, आणि बाहेरून तो हुबेहूब सारखा दिसतो. कधीतरी कोणीतरी दिवा उतरवला, त्या वेळी कॉलर घरंगळून हरवली आणि बुशातून थेट बोल्ट घातला गेला. आवळताना रबर वॉशरच्या कडेबाहेर फुगून येते, हाताला घट्टपणा जाणवतो आणि काम झाल्यासारखे वाटते. पण सतत दाबाखाली असलेले रबर हळूहळू बसत जाते. दाब उतरतो, बोल्टातला ताण उतरतो आणि इथे बोल्ट खरोखर सैल होतो. पुन्हा आवळला, की रबर आणखी बसते. बोल्ट काढल्यावर बुशाच्या आतल्या बाजूला आट्यांचे ठसे उमटलेले दिसले, तर तिथे कॉलर नव्हती असे खात्रीने समजावे. नवी कॉलर लेथवर कोणीही पाच मिनिटांत करून देईल. लांबी मात्र आपण मोजून सांगावी, 'जुन्यासारखी' असे सांगू नये, कारण जुनी हरवलेलीच असते.

नव्या बुशाच्या बाबतीतही मापाशिवाय पुढे जाऊ नये. मला आलेल्या एका जोडीच्या कडा साडेसात मिलिमीटरच्या निघाल्या. त्या बसवल्या असत्या, तर रबर तीस टक्के दाबले गेले असते, म्हणजे ते जवळपास ठोकळ्यासारखे वागले असते आणि इंजिनाचे कंप सरळ फिलामेंटपर्यंत पोहोचले असते. दहा ते वीस टक्के दाब ही माझ्या अनुभवात टिकणारी मर्यादा आहे. वॉशरही तितकाच महत्त्वाचा: तो रबराची पूर्ण कड झाकेल इतका रुंद आणि बशीसारखा वाकणार नाही इतका जाड, म्हणजे किमान दोन मिलिमीटरचा असावा. पातळ वॉशर मध्यभागी कॉलरवर टेकतो आणि कडेने वर उचलला जातो, आणि मग वरचा सगळा हिशेब फुकट जातो.

रबर बसवताना ते भोकात जात नाही म्हणून बोट भरून ग्रीस लावण्याची सवय अनेकांना असते. नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगते व मऊ पडते, आणि ईपीडीएम प्रकारच्या रबराचेही तेच होते. साबणाचे पाणी पुरते. ते वाळून गेल्यावर पकडही परत येते. अगदीच गरज पडली, तर सिलिकॉन ग्रीस वापरावे, पण तेही कानाला भिडणाऱ्या कडांवर राहू देऊ नये, कारण तिथे आपल्याला घर्षण हवे आहे. जुन्या रबरावर ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा दिसतात, त्या ओझोनच्या असतात. असे रबर तपासण्यात वेळ घालवू नये.

आटे: फसवणूक करणारा आठचा बोल्ट

या टप्प्यावर अनेकांचा बोल्ट 'नटात नीट जात नाही'. जपानी आणि युरोपीय गाड्यांवर बहुधा 8 मिलिमीटरचा, सव्वा मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा बोल्ट असतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर 5/16 इंचाचे बोल्ट आढळतात, आणि त्या मापाचा व्यास 7.94 मिलिमीटर भरतो. म्हणजे डोळ्यांना आणि बोटांना दोन्ही सारखेच. पण आठच्या बोल्टात इंचाला सुमारे वीस आटे असतात, तर 5/16 च्या बोल्टात प्रकारानुसार व्हिटवर्थचे 18, बीएसएफचे 22, यूएनएफचे 24 किंवा सायकल-आट्यांचे 26. त्यामुळे चुकीचा बोल्ट एक-दोन फेरे आत जातो, मग अडतो, आणि पाना लावून रेटला की डूममधला नट कायमचा बिघडतो. त्यातही बीएसएफ आणि व्हिटवर्थ आट्यांचा कोन 55 अंशांचा असतो, बाकीच्यांचा 60 अंशांचा. आटे मोजण्याची पट्टी नसेल, तर ज्याचे माप माहीत आहे असा बोल्ट शेजारी धरून आटे एकमेकांत बसवून प्रकाशात पाहावे. फट दिसली, तर माप वेगळे आहे. बोल्ट पूर्ण खोलीपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे, हा नियम इथे तरी मोडू नये.

आटे धरणारे रसायन लावायचे असल्यास मध्यम ताकदीचे, थेंबभर, आणि कवच किंवा कान एबीएस प्लास्टिकचे नसतील तरच लावावे. या रसायनाने ताणाखालचे एबीएस तडकते. कॉलर बरोबर असली, तर त्याची गरज क्वचितच पडते.

कान बदलताना

कान आणि फोर्क यांच्यामधली रेघ सरकली असेल, तर वरची टी उतरवणे भाग आहे. बहुतेक गाड्यांवर कान हे पत्र्याच्या नळीसारखे असून फोर्कच्या नळीवर चढवलेले असतात आणि वरच्या व खालच्या टीमध्ये रबरी रिंगांच्या दाबाने अडकून राहतात. त्या रिंगा कडक झाल्या, की अख्खा कान फोर्कभोवती फिरू लागतो. हाताने पिळून पाहिल्यावर हे लगेच कळते.

काम सुरू करताना बॅटरीची चौकटीला जोडलेली तार आधी सुटी करावी. 'ऋण टोक' असे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांवर चौकटीला धन टोक जोडलेले असते. डूममधल्या तारा सोडण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे आणि एकसारख्या रंगांच्या तारांवर चिकटपट्टीने खुणा कराव्यात. इंजिनाखाली आधार देऊन पुढचे चाक उचलावे, टाकीवर जाड कापड अंथरावे आणि हँडल केबलींसकट मागे ठेवावे. फोर्कच्या नळ्या वरच्या टीच्या वर किती आल्या आहेत, हे मोजून लिहून ठेवावे. यानंतर वरच्या टीचे आवळणारे बोल्ट, स्टेमचा, म्हणजे मधल्या दांड्याचा, नट आणि रचनेनुसार फोर्कची वरची टोपणे सोडून टी हळूहळू वर उचलावी. खालच्या टीच्या बोल्टांना हात लावू नये. नळ्या त्यांच्याच आधाराने उभ्या असतात. काही ब्रिटिश रचनांत नळीचे निमुळते टोक वरच्या टीत रुतून बसलेले असते. तिथे टीवर हातोडा मारण्याऐवजी टोपण काही आटे लावून ठेवावे आणि त्यावर लाकडी ठोकळा ठेवून ठोकावे.

जुने कान उतरताच ते डावे-उजवे खूण करून बाजूला ठेवावेत आणि नव्यांशी शेजारी ठेवून तुलना करावी. नळीचा व्यास फक्त एक-दोन मिलिमीटरने वेगळा असलेले कान सहज हाती येतात: 33 च्या फोर्कवर 35 चा कान चढतो, छान दिसतो आणि पहिल्या दिवसापासून खडखडतो. उंचीही मोजावी. कान आणि रिंगा मिळून होणारी उंची दोन टींमधल्या अंतरापेक्षा थोडीच जास्त हवी. ती फार जास्त झाली, तर वरची टी पूर्ण खाली बसत नाही, रबर तिला उचलून धरते, आणि स्टेमचा नट आवळताना कोनसेट घट्ट झाल्याचा खोटा भास होतो. मी हीच चूक केली होती आणि दोनशे किलोमीटरनंतर रिंगा बसल्यावर ब्रेक मारताना खटका ऐकू आला. म्हणून टी बसवल्यावर आधी स्टेमचा नट, मग कोनसेटची तपासणी, आणि त्यानंतरच नळ्यांचे बोल्ट, हा क्रम पाळावा.

नव्या कानांना पावडर कोटिंग केले असेल, तर वॉशर, रबर आणि रिंगा टेकतात त्या जागा तपासाव्यात. जाड थर दाबाखाली चुरतो आणि सांध्यातला ताण घालवतो.

जुनाच कान वाचवायचा असेल, तर तड्याच्या शेवटच्या टोकाला तीन मिलिमीटरचे भोक पाडून मगच आतून पट्टी लावून वेल्डिंग करावे; भोकाशिवाय केलेले वेल्डिंग पुढे दुसऱ्या बाजूने तडकते. क्रोमचा मुलामा असलेल्या भागावर सरळ वेल्डिंग करू नये, कारण त्यातून निघणारा धूर विषारी असतो. तेवढ्या भागातला मुलामा आधी काढून घ्यावा. माझा कान वाचला, पण तो आता खोक्यात आहे. एकदा थकलेला पत्रा शेजारून पुन्हा फाटतो, हे मी दुसऱ्या एका कंसावर पाहिले आहे.

राहून जाणारी अर्थिंग आणि तिसरा आधार

माउंट चांगले झाले आणि उजेड मंद झाला, असेही घडते, आणि त्याचे कारण माउंटच असते. पूर्वी रबर झिजून धातूला धातू लागत होता आणि वीज तिथून परत जात होती. नव्या रबराने तो रस्ता बंद केला. डूमच्या आतून चौकटीपर्यंत स्वतंत्र अर्थिंगची तार हवीच. दिवा लावून व्होल्टमीटरचे एक टोक बल्बच्या अर्थिंगला आणि दुसरे बॅटरीच्या त्याच टोकाला लावावे, 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर जोड घासून साफ करावेत. 6 व्होल्टच्या गाडीवर अर्धा व्होल्ट गळणे म्हणजे साधारण आठ टक्के, आणि फिलामेंटच्या बल्बचा उजेड तेवढ्याने सुमारे पाव भाग कमी होतो.

डूमखालची लहान पट्टी अनेक गाड्यांवरून गायब असते. दोन बाजूंचे बोल्ट मिळून एक आस तयार होते आणि काच व परावर्तकाचे वजन त्या आसेपुढे असते, म्हणजे खालचा तिसरा आधार नसेल, तर दिवा पाळण्यासारखा टांगलेला असतो आणि मान टाकण्याचा त्याचा कल कायमच असतो. मूळ रचनेत ती पट्टी असेल, तर ती परत बसवावी. जड काचेचा नवा दिवा बसवलेल्या गाडीवर तर हा आधार टाळून चालत नाही.

शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. डूमच्या मागच्या भोकाशी तारा ताणल्या जाऊ नयेत, आणि इंजिन चालू असताना हँडल वळवल्यावर त्याचा वेग बदलू नये. बदलला, तर थ्रॉटलची केबल नव्या कानामागे अडकली आहे. झोत लावताना चालक गाडीवर बसलेला असावा आणि गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून पाच मीटरवर असावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणावून खालच्या झोताची कड त्याखाली पाच सेंटिमीटरवर आणावी. मग चारही सांध्यांवर नव्याने रेघा माराव्यात. माझ्या गाडीवर शंभर किलोमीटरनंतर त्या सगळ्या जुळलेल्या होत्या, पाचशेनंतर फक्त काचेच्या रिंगवरची रेघ केसभर सरकली होती, आणि ती रिंगचा खालचा स्क्रू पाव फेरा फिरवल्यावर थांबली.